पुस्तकात काय आहे, हे आधी सांगावं का?

दहा वर्षांचा कार्ल स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर अंथरूण धरून आहे. खोकला थांबत नाही, पायांत बळ नाही. आपण फार दिवसांचे सोबती नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. शिवणकाम घेऊन आलेल्या बाईशी आई बोलत असताना ते त्याच्या कानावर पडलं आहे. तेरा वर्षांचा थोरला भाऊ योनातान रात्री उठून त्याला मध घातलेलं गरम पाणी देतो आणि मेल्यावर माणूस कुठे जातो ते सांगतो. नांगियाला नावाचा देश आहे, तिथे अजून शेकोट्यांचा आणि गोष्टींचा काळ चालू आहे, तिथे तू बरा होशील. मग एके दिवशी आई कामाला गेलेली असताना इमारतीला आग लागते. योनातान धावत वर जातो, धाकट्याला पाठीवर घेतो आणि खिडकीतून उडी टाकतो. धाकटा वाचतो, थोरला जातो. दोन महिन्यांनी धाकटाही जातो आणि नांगियालात भावाला भेटतो.

एवढं सगळं पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच होतं. ‘द ब्रदर्स लायनहार्ट’ या नावाने इंग्रजीत गेलेली ही स्वीडिश कादंबरी अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांनी 1973 साली लिहिली. पिप्पी लाँगस्टॉकिंगसारख्या खट्याळ, दांडगट मुलीच्या गोष्टींनी लिंडग्रेन तोवर जगभर पोचल्या होत्या. त्यांच्याकडून असं पुस्तक येईल असं कुणाला वाटलं नसावं. या गोष्टीचं मूळ सांगताना त्या त्यांच्या गावचं, विमरब्यूचं, कब्रस्तान सांगत. 1860 साली वारलेल्या दोन तान्ह्या भावांच्या थडग्यावर तिथे एक लोखंडी क्रूस आहे. तो पाहिल्यावर आपल्याला दोन भावांची आणि मृत्यूची गोष्ट लिहायची आहे, हे त्यांना कळलं.

पुढे नांगियालातही सुख नाही. भाऊ राहतात त्या चेरीच्या खोऱ्याशेजारच्या खोऱ्यावर तेंगिल नावाच्या हुकूमशहाने कब्जा केलेला असतो, भोवती भिंत उभारलेली असते, लोकांत फितूर असतात, आणि काटला नावाची ड्रॅगन असते. तेंगिलच्या शिंगाच्या आवाजावर ती चालते. तिच्या आगीची झळ लागली की माणूस मरतो किंवा त्याचं अंग लुळं पडतं. शेवटच्या लढाईनंतर योनातानला ती झळ लागते. त्याचे हातपाय हळूहळू जातात. तो धाकट्याला सांगतो की नांगियालाच्या पुढे आणखी एक देश आहे, नांगिलिमा. तिथे मी पुन्हा चालेन, फक्त या कड्यावरून खाली जायला हवं. त्याला स्वतःला हलता येत नाही. मग सुरुवातीला ज्याला पाठीवर घेतलं होतं, तो घाबरट, आजारी कार्ल भावाला पाठीवर घेतो आणि काळोखात कड्याच्या टोकावर उभा राहतो. पुस्तक त्या उडीपाशी संपतं.

स्वीडनमध्ये यावर वाद झाला. मुलांच्या पुस्तकात आत्महत्या हा सुटकेचा मार्ग म्हणून दाखवला आहे, असं काही समीक्षकांचं म्हणणं होतं. दुसरीकडून मुलांची पत्रं येत होती, आणि त्यांना वेगळंच विचारायचं होतं: नांगिलिमात पुढे काय झालं? लिंडग्रेननी मुलांना त्याचं उत्तर लिहून कळवलंही. तिथे भावांना कोण भेटलं, ते कुठे राहिले, हे सगळं.

इथे माझा विषय आहे पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी छापली जाणारी ती छोटी सूचना, जिला हल्ली सगळीकडे कंटेंट वॉर्निंग म्हणतात. आत मृत्यू आहे, हिंसा आहे, छळ आहे, असं वाचणाऱ्याला आधी कळवणं. मुलांच्या अद्भुतकथेत ती असावी का आणि असली तर कशी असावी, याचा विचार मला याच कादंबरीला धरून करायचा आहे, कारण सगळी सोपी उत्तरं इथे अडतात. समजा, मलपृष्ठावर असे शब्द छापले: ‘मृत्यू, आत्महत्या, गंभीर आजार, युद्ध, छळ.’ यातला एकही शब्द खोटा नाही. तरी ही यादी वाचून जे पुस्तक डोळ्यांसमोर उभं राहतं, ते लिंडग्रेननी लिहिलेलंच नाही. त्यांच्या पुस्तकात एक भित्रा मुलगा भावावरच्या मायेपोटी धीट होतो. त्यात शत्रूलाही मारायला नकार देणारा नायक आहे. यादीला हे सांगता येत नाही. आणि यादी छापायचीच नाही असं ठरवलं, तर महिन्यापूर्वी ज्याचा भाऊ गेला त्या मुलाच्या हातात हे पुस्तक कुणीतरी वाढदिवसाची भेट म्हणून ठेवील.

अशा सूचना आपल्याला आता परक्या राहिलेल्या नाहीत. 2021 च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनंतर भारतातल्या ओटीटी मालिकांवर यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए अशी वर्गवारी आली आणि तिच्या शेजारी हिंसा, भाषा, व्यसन अशा कारणांचे दोन-चार शब्द झळकू लागले. 2024 पासून चित्रपटांच्या यूए प्रमाणपत्राचेही 7, 13 आणि 16 असे तीन भाग झाले. पुस्तकांना असला कुठलाच नियम नाही, आणि नसावा, असंच माझं मत आहे. पण पालकांच्या डोळ्यांना आता त्या कोपऱ्यातल्या आकड्याची सवय झाली आहे. पुस्तक हातात घेतल्यावरही ते तो आकडा शोधतात.

कोपऱ्यातली ती खूण किती फसवी असू शकते, याचं उदाहरण ससे देतील. रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या 1972 च्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीवर 1978 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅनिमेशनपट निघाला. चित्र सशांचं, तेव्हा त्याला ‘यू’ मिळालं, म्हणजे सगळ्यांसाठी. त्यात बिळांत कोंडून गुदमरणारे ससे आहेत, फासात अडकून तोंडातून रक्त येणारा ससा आहे, एकमेकांना फाडणारे ससे आहेत. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीला तो चित्रपट भयस्वप्न म्हणून आठवतो. तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या आणि अखेर 2022 साली, 44 वर्षांनी, ब्रिटिश चित्रपट वर्गीकरण मंडळाने त्याला पालकांच्या मार्गदर्शनाचा ‘पीजी’ दर्जा दिला. इतक्या वर्षांत चित्रपटातली एक चौकटही बदललेली नव्हती. ‘यू’ अक्षर पाहून निर्धास्त झालेले आईवडील पोरांना पडद्यासमोर बसवून कामाला लागले होते. मला वाटतं, सूचना नसण्यापेक्षा खोटा दिलासा जास्त नुकसान करतो.

पुस्तकांच्या बाबतीत हा प्रयोग ब्रिटनमध्येच 2008 साली होऊ घातला होता. प्रकाशकांनी ठरवलं की मुलांच्या पुस्तकांच्या मागच्या बाजूला 5+, 7+, 9+, 11+ असे वयाचे आकडे छापायचे. नातवंडांसाठी पुस्तक घ्यायला आलेल्या, मुलांच्या साहित्याची फारशी ओळख नसलेल्या ग्राहकाला मदत व्हावी, हा हेतू. फिलिप पुलमन यांच्या पुढाकाराने शेकडो लेखक, चित्रकार आणि ग्रंथपाल विरोधात उभे राहिले. पुलमन स्वतः अद्भुतकथा लिहिणारे, आणि त्यांच्या कादंबऱ्यांत मुलांना त्यांच्या आत्म्यापासून तोडण्यासारखी अंगावर काटा आणणारी दृश्यं आहेत. विरोधकांचं म्हणणं साधं होतं. दहा वर्षांच्या ज्या मुलाला वाचायला जड जातं, त्याच्या हातातल्या पुस्तकावर ‘7+’ दिसलं की वर्गातली मुलं त्याची टर उडवणार आणि तो वाचणं सोडणार. जी सात वर्षांची मुलगी झपाट्याने वाचते, तिला ‘11+’ चं पुस्तक दुकानदार देणार नाही.

याच ठिकाणी एक गफलत नेहमी होते. मुलाला वाक्यं वाचता येणं वेगळं आणि त्या वाक्यांत घडणारं सोसणं वेगळं. प्रथम बुक्सच्या मराठी पुस्तकांवर पातळी 1 ते पातळी 4 अशी खूण असते. ती वाचनकौशल्याची खूण आहे: पातळी 1 म्हणजे नुकतं वाचू लागलेलं मूल, पातळी 4 म्हणजे सफाईने वाचणारं. ती तेवढंच सांगते आणि तेवढ्यापुरती चोख आहे. पण आपण पालक तिचा अर्थ ताणतो. आमचा मुलगा पातळी 4 ची पुस्तकं वाचतो, म्हणजे आता त्याला काहीही द्यायला हरकत नाही, असं म्हणतो. हॅरी पॉटरच्या बाबतीत मराठी घरांतही हेच होतं. पहिलं पुस्तक आठव्या वर्षी संपवलेलं मूल तीन महिन्यांत चौथ्यावर येतं. 2000 साली आलेल्या त्या चौथ्या पुस्तकात सगळ्यांच्या आवडीचा एक मुलगा डोळ्यांदेखत मारला जातो. मूळ वाचक पुस्तकांबरोबर वयाने वाढत होते, कारण पुढचं पुस्तक यायला वर्ष-दोन वर्षं लागत. आजच्या मुलाला सातही पुस्तकं एकाच खोक्यात मिळतात.

मग मुलांना नेमकं भय कशाचं वाटतं? याचा सर्वांत चिकाटीने अभ्यास केला तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअ‍ॅन कँटर यांनी. त्यांचं काम चित्रपट आणि टीव्हीवरचं आहे, पण पुस्तकांचा विचार करणाऱ्यालाही ते फार उपयोगी पडतं. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ‘द इनक्रेडिबल हल्क’ ही मालिका चालू होती. मोठ्यांच्या लेखी हल्क भला माणूस. राग आला की हिरवा, अवाढव्य होतो आणि दुबळ्यांना वाचवतो. अगदी लहान मुलं मात्र तो बदलायला लागला की हादरून जात होती. तो कुणाच्या बाजूने आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ओळखीचा चेहरा बघता बघता अक्राळविक्राळ झाला, एवढंच त्यांना दिसत होतं. उलट, 1983 च्या नोव्हेंबरमध्ये अणुहल्ल्यानंतरच्या अमेरिकेवरचा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट टीव्हीवर दाखवला गेला, तेव्हा लहान मुलं हादरतील म्हणून देशभर काळजी व्यक्त झाली. कँटर यांच्या पाहणीत दिसलं ते उलटंच. सर्वांत कमी अस्वस्थ झाली ती लहान मुलं, त्यांच्याहून जास्त किशोरवयीन, आणि सगळ्यांत जास्त आईवडील.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत भय डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचं असतं: दात, नखं, अंधार, अचानक बदललेला चेहरा. त्यानंतर ‘हे माझ्या बाबतीत होऊ शकतं’ या विचाराचं भय सुरू होतं, आणि त्याहून मोठेपणी युद्ध, अन्याय, जग संपणं अशा न दिसणाऱ्या गोष्टींचं. उपायही वयाप्रमाणे बदलतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘ते खोटं असतं रे’ म्हणून फारसा फरक पडत नाही. त्याला जवळ घ्यावं लागतं, दिवा लावावा लागतो, काहीतरी खायला द्यावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगितलेलं पटतं.

लायनहार्ट भावांची गोष्ट या नजरेने पाहिली की चित्र बदलतं. मोठ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो तो शेवटच्या उडीपाशी, कारण मोठ्यांना कडा, उडी आणि मृत्यू यांचा एकमेकांशी लागणारा अर्थ ठाऊक आहे. सहा वर्षांच्या मुलाची झोप उडवते ती गुहेतली काटला. आणि नऊ-दहा वर्षांचा वाचक बहुधा त्या बाकड्यापाशी थबकतो: आई दुसऱ्या कुणाला तरी सांगते आहे की मी मरणार, आणि मला ते ऐकू येतंय. एकाच पुस्तकात तीन वयांची तीन भयं आहेत. एक आकडा किंवा पाच शब्द त्यांना पुरे पडणार नाहीत.

सूचनांचा उलटा परिणामही तपासला गेला आहे. ब्रॅड बुशमन आणि अँजेला स्टॅक यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंसक कार्यक्रमांवर दोन प्रकारच्या पट्ट्या लावून पाहिल्या. एका पट्टीवर फक्त माहिती होती, की यात हिंसा आहे. दुसरीवर सावधगिरीचा इशारा होता, की जपून बघा. इशाऱ्याने लोकांची बघायची इच्छा वाढली. नुसत्या माहितीने तसं झालं नाही. हे प्रयोग मुलांवर केलेले नव्हते, पण ज्याच्या घरात दहा वर्षांचं मूल आहे त्याला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. डॅनियल हँडलर या अमेरिकी लेखकाने तर त्यावर अख्खी मालिका उभी केली. लेमनी स्निकेट या टोपणनावाने 1999 ते 2006 या काळात त्याने तीन अनाथ भावंडांच्या हालअपेष्टांची तेरा पुस्तकं लिहिली, आणि प्रत्येक पुस्तकावर वाचकाला कळकळीने विनवलं की हे खाली ठेव, दुसरं काहीतरी आनंदाचं वाच. ती पुस्तकं कोट्यवधी खपली.

याच्या जोडीला ‘ट्रिगर वॉर्निंग’चं संशोधन येतं. मोठा आघात सोसलेल्या माणसाला, ज्याने ती आठवण उफाळून येईल, ते समोर येण्याआधी सावध करावं, ही त्यामागची मूळ कल्पना. 2023 साली व्हिक्टोरिया ब्रिजलंड आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सूचना वाचून लोकांना आधीच धास्ती वाटू लागते, प्रत्यक्ष मजकूर समोर आल्यावर होणारा त्रास मात्र तेवढाच राहतो, आणि सूचना वाचून लोक तो मजकूर टाळतात असंही दिसत नाही, असं त्यात आढळलं. या आढाव्याचा आधार घेऊन ‘सूचना निरुपयोगी आहेत’ असं पुष्कळांनी लिहिलं. मला तो निष्कर्ष मुलांच्या पुस्तकांना लावता येईल असं वाटत नाही. त्या प्रयोगांत सूचना वाचणारा आणि मजकूर वाचणारा माणूस एकच होता, आणि तो बहुतेक वेळा प्रौढ होता. मुलांच्या पुस्तकात ही दोन माणसं वेगळी असतात. सूचना आई वाचते, बाबा वाचतात, ग्रंथपालबाई वाचतात. गोष्ट मूल वाचतं. मोठ्या माणसाला सूचना वाचून थोडी धास्ती वाटली तर बिघडत नाही. त्या दिवशी तो मुलाच्या शेजारी बसला तर काम झालं.

म्हणून माझं ठाम मत असं झालं आहे की मुलांच्या अद्भुतकथेतली सूचना मोठ्यांना उद्देशून लिहावी, पूर्ण वाक्यांत लिहावी, आणि त्यात काय घडतं याबरोबर ते कसं मिटतं हेही सांगावं. इशाऱ्याचा सूर अजिबात नको. लायनहार्टसाठी मी ती साधारण अशी लिहीन:

‘पालक, शिक्षक आणि ग्रंथपालांसाठी. या कादंबरीच्या सुरुवातीलाच एक आजारी मुलगा आणि त्याला आगीतून वाचवणारा त्याचा भाऊ, असे दोघेही मरण पावतात. पुढची गोष्ट मृत्यूनंतरच्या एका देशात घडते. तिथे हुकूमशाही आहे, फितुरी आहे, गुहेत डांबलेले कैदी आहेत, भीतिदायक ड्रॅगन आहे. लढाईत ओळखीची माणसं मरतात, पण रक्तपाताचं तपशीलवार वर्णन नाही. शेवटच्या प्रकरणात धाकटा भाऊ जायबंदी भावाला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी मारायला निघतो. गोष्टीत ती पुढच्या देशाची वाट आहे, आणि दोघे पुन्हा एकत्र असतील असा विश्वास देत पुस्तक संपतं. मुलाच्या जवळच्या कुणाचा नुकताच मृत्यू झाला असेल, तर हे पुस्तक त्याच्याबरोबर बसून वाचा. मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर पुस्तक तूर्त बाजूला ठेवा आणि टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर बोला.’

शेवटचं वाक्य मी विचार करून घातलं आहे. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: तिला प्रश्नाचं उत्तर म्हणून मांडू नये, पद्धतीचं वर्णन करू नये, मदत कुठे मिळेल ते सांगावं. कादंबरी म्हणजे बातमी नव्हे, लिंडग्रेनना हा नियम लावून त्यांचा शेवट बदलायला सांगणं हा अन्याय होईल. पण सूचना ही बातमीच्याच जातीची असते, आणि तिला हे तिसरं तत्त्व पाळायला काहीच अडचण नाही. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

लेखकांचा पहिला आक्षेप असतो की यात शेवट फुटतो. आक्षेप खरा आहे. सूचना पुस्तकाच्या अखेरीस, मलपृष्ठाच्या आतल्या पानावर छापावी, आणि सुरुवातीला एवढंच म्हणावं की ती तिथे आहे. ज्याला हवी तो उलटून बघेल. इंटरनेटवरच्या हौशी लेखकांच्या कथासंग्रहांत याहून बारीक सोय आहे: कथेत काय काय आहे ते सांगावं, किंवा ‘मी सांगणार नाही’ असं लेखकाने उघडपणे जाहीर करावं, म्हणजे वाचक स्वतःच्या जबाबदारीवर आत शिरतो. छापील पुस्तकातही कुणा लेखकाने असं लिहिलं तर मी त्याचा मान राखीन. गप्प राहण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

गप्प राहण्याहूनही वाईट असतं चुकीची ओळख करून देणं. कॅथरीन पॅटर्सन यांच्या 1977 च्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’ या कादंबरीत दोन मुलं ओढ्यापलीकडच्या रानात एक काल्पनिक राज्य वसवतात आणि एके दिवशी त्यातलं एक अपघातात मरतं. लेखिकेच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली होती. त्या दुःखातून हे पुस्तक आलं. 2007 साली त्यावर चित्रपट निघाला तेव्हा जाहिरातीत राक्षस, उडते जीव आणि जादूचं राज्य हेच प्रामुख्याने दाखवलं गेलं. जादूची सफर बघायला गेलेली कुटुंबं मधेच एका मुलीच्या मृत्यूसमोर येऊन पडली. त्या चित्रपटाला वेगळ्या सूचनेची गरज नव्हती. जाहिरातीने खरं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर याही सूचनाच असतात, आणि पहिल्या सूचना त्याच.

दुसरा आक्षेप मला जास्त भिववतो. लिहून ठेवलेली सूचना उद्या पुस्तक काढून टाकायला वापरली जाईल. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं हटवण्याच्या मागण्या आल्या, तेव्हा पुस्तकातले उतारे संदर्भातून तोडून त्यांच्या याद्या पुढे केल्या गेल्या. तिथल्या ग्रंथालय संघटनेने तर 1951 सालीच पुस्तकांवर शिक्के मारण्याविरुद्ध भूमिका घेतली होती, कारण वाचकाचं मन आधीच कलुषित करणारा शिक्का हा सेन्सॉरचंच हत्यार आहे, असं तिचं म्हणणं होतं. या भीतीवर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. एवढं मात्र दिसतं की याद्यांना हत्यार बनवणं सोपं जातं, वाक्यांना तितकं जात नाही. ‘आत्महत्या’ हा शब्द कापून तक्रार-अर्जावर चिकटवता येतो. ‘भावाला पाठीवर घेऊन पुढच्या देशाकडे निघतो’ हे वाक्य चिकटवलं तर पुस्तकाची बाजूही त्याच्याबरोबर जाते.

कापून टाकणं हा तर सगळ्यांत जुना मार्ग. ग्रिम बंधूंनी 1812 साली छापलेल्या पहिल्या आवृत्तीत खाटीक-खाटीक खेळताना एकमेकांचा जीव घेणाऱ्या मुलांची गोष्ट होती. दुसऱ्या आवृत्तीत ती गाळली. मुलांचं वाईट करणाऱ्या सख्ख्या आया पुढच्या आवृत्त्यांत सावत्र झाल्या. त्यामुळे सावत्र आई नावाच्या कोट्यवधी बायकांवर दोनशे वर्षं जो डाग राहिला, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. काढून टाकलेलं भय कुठे तरी दुसरीकडे जाऊन बसतं.

आणि काही मुलांना ते भय पुस्तकात सापडायलाच हवं असतं. ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ या 2011 च्या कादंबरीत तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे आणि रात्री बारा वाजून सात मिनिटांनी यू वृक्षाचा एक राक्षस त्याच्या खिडकीशी येतो. कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची होती. 2007 साली त्या स्वतः कर्करोगाने गेल्या आणि पुस्तक पॅट्रिक नेस यांनी लिहिलं. कॉनरला राक्षसाची भीती वाटत नाही. त्याला भीती आहे ती मनात आलेल्या एका विचाराची: हे सगळं एकदाचं संपावं. आईचं आजारपण बघणाऱ्या मुलाच्या मनात हा विचार येतो आणि तो कुणालाच सांगता येत नाही. मोठी माणसं त्याच्याशी गोड बोलत राहतात. ‘यात आईचा कर्करोग आहे’ एवढीच सूचना वाचून अशा घरातला कुणी मोठा हे पुस्तक फळीवरून हळूच उचलून ठेवील, आणि ज्या एका मुलासाठी ते लिहिलं गेलं त्याच्यापर्यंतच ते पोचणार नाही. म्हणून या पुस्तकाच्या सूचनेत आणखी एक वाक्य हवं: आजारी आईवडिलांच्या मुलाला, त्याची तयारी दिसली तर, हे पुस्तक आवर्जून द्यावं; आधी स्वतः वाचून घ्यावं.

मुलंही काही हातपाय बांधून पुस्तकासमोर बसलेली नसतात. चित्रपटगृहात दृश्य थांबवता येत नाही. पुस्तक मिटता येतं. मुलं भीतीची पानं सोडून पुढे जातात, शेवट आधी वाचतात, ‘तू इथे बस, मी वाचतो’ म्हणून आजीला शेजारी बसवतात, एखादं पुस्तक रात्रीसाठी नाही, दुपारसाठीच आहे, असं आपलं आपण ठरवतात. कार्लने काटलाला पहिल्यांदा पाहिलं ते पान सोडून पुढे गेलेलं मूल वर्षभराने त्याच पानावर परत येतं. सूचना लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं तर ‘हे पुस्तक अमुक वयाला योग्य नाही’ हे वाक्य त्याच्या हातून लिहिलं जाणार नाही. तो फक्त कुठल्या प्रकरणात काय येतं ते सांगेल. त्यात पान क्रमांकही द्यावा, म्हणजे रात्री गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आईला आज कुठे थांबायचं ते आधीच कळेल: झोपण्यापूर्वी काटलाच्या गुहेत शिरायचं, की आजच्यापुरतं चेरीच्या खोऱ्यातच थांबायचं.